डाव्या पायाचे ठिपके

काचमामांना सगळी गल्ली मामा म्हणायची, म्हणून त्यांची बायको आपसूक मामी झाली. सख्खा भाचा एकही नाही, पण मामा मात्र जगाचे! धंदा म्हणाल तर हाताने काचेचे धागे ओढायचा. केसाइतके बारीक धागे. एका टोकाला बॅटरी धरली की दुसरं टोक चमकणार, मग मधे तुम्ही धागा वळवा नाहीतर गुंडाळा. शाळांच्या प्रयोगशाळांना असले धागे लागत. "कारखान्यात यंत्रं मैलोन्‌मैल धागा ओढतात," असं कुणी सांगितलं की मामा म्हणायचे, "ओढू देत की! यंत्राला मामी आहे का?" यावर काय बोलणार, कप्पाळ?

काम दोघांचं होतं. काचेच्या नळीत काचेची कांडी घालून मामा ती ज्योतीवर धरत. काच पाकासारखी मऊ झाली की मामी तिचं टोक दुसऱ्या कांडीवर उचलून घेत आणि खोलीच्या पलीकडच्या भिंतीकडे चालू लागत. त्यांच्या मागे धागा तयार होत जाई. मामी पुढे जातील तशी मामांनी काच ज्योतीत सरकवायची. नजर ज्योतीवरून हलवायची सोय नाही, त्यामुळे मामी त्यांना फक्त ऐकू यायच्या. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मामी लहानपणी जिन्यावरून पडल्या होत्या, तेव्हापासून डाव्या पायाने लंगडायच्या. यंदा गुडघ्याने अगदीच असहकार पुकारला, तेव्हा डॉक्टरांनी तो बदलूनच टाकला. चार महिने काम बंद राहिलं. मग मामी अशा ताठ चालायला लागल्या की शेजारणी दारात येऊन बघायच्या. मामा म्हणाले, "चला, आता धागा काय झकास निघेल!"

कसला झकास! पहिला धागा पाचव्या पावलाला तुटला. दुसरा टिकला, पण पडदे ओढून बॅटरी लावली तर मधेच ठिकठिकाणी ठिपके चमकत होते. तिथे धागा बारीक झाला होता आणि उजेड बाहेर सांडत होता, मग टोकाला पोचणार काय? मामांनी आधी काचेला शिव्या दिल्या. मग गॅसला. मग बर्नर उघडून साफ केला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मामी सहज म्हणून गेल्या. एरवी मामा उसळले असते. त्या दिवशी ते स्टुलावर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. तेव्हा मामींना आपली जीभ चावावीशी वाटली.

आठवडाभर हेच. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई चाळीस धाग्यांच्या ऑर्डरची चौकशी करायला आल्या, तर मामा म्हणाले, "बाई, दुसरीकडे बघा. माझा हात गेला." बाई बिचाऱ्या, "अहो, असं काय करता, मी थांबते की," म्हणत उठल्या. मामांनी कपाटातून खोकं काढलं आणि बर्नर जुन्या कागदात गुंडाळायला घेतला. दुसरं काही त्यांना येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती.

मामींनी शेवटचा धागा उचलला, जमिनीवर सरळ पसरला, टोकाला बॅटरी ठेवली आणि पडदे ओढले. ठिपके चमकू लागले. मामी धाग्याच्या कडेने चालायला लागल्या. मधेच थांबल्या. परत सुरुवातीला आल्या, परत चालल्या.

"अहो, इकडे या. माझे पाय बघा."

"तुझे पाय छान आहेत. माझा हात बघ."

"बघा म्हणते ना!"

मामा आले. मामी चालल्या. प्रत्येक ठिपका त्यांच्या डाव्या पायाशी येत होता. उजव्या पायाशी एकही नाही.

"डावं पाऊल टाकताना मी अडखळायची," मामी म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही काच सरकवणारा हात आखडता घ्यायचात. म्हणून धागा जाड व्हायचा नाही. आता मी अडखळत नाही, पण तुमचा हात अजून आखडतोच आहे. हात धडधाकट आहे तुमचा! लंगडतोय फक्त."

हे आपण करत होतो, याचा मामांना पत्ताच नव्हता.

"मग मी लंगडते की थोडी," मामी म्हणाल्या. "तेवढी ऑर्डर होईपर्यंत. सवय आहे मला."

"खबरदार!" मामा असे ओरडले की मामी दचकल्या. "जन्मभर लंगडलीस, तेवढं पुरे. शिकेल माझा हात. न शिकून सांगतो कुणाला!"

त्यांनी बर्नर कागदातून सोडवला आणि कानात कापसाचे बोळे घातले. पावलं ऐकूच आली नाहीत तर हात आखडेल कशाला? पण हात वस्ताद, तो मनातल्या मनात पावलं मोजत होता. धागा तुटला. मग मामांनी एकोणतीसचा पाढा म्हणायला घेतला. जन्मात पाठ न झालेला पाढा तो, त्याच्या नादात मोजायला फुरसत कुठली? तरीही दोन धागे वाया गेले. तिसऱ्या वेळी मामी भिंतीपर्यंत पोचल्या आणि हातातला धागा अखंड होता. बॅटरी लावली. मधे एकही ठिपका नाही. सगळा उजेड मामींच्या हातातल्या टोकाशी.

मामी भिंतीशीच उभ्या राहून काहीतरी बोलल्या.

"काय?" मामा ओरडले.

मामी खोली ओलांडून आल्या आणि त्यांच्या कानातला बोळा उपसून काढला.

"म्हटलं, माझी आई धरून सगळ्यांनी मला लंगडी म्हटलं. तुमच्या धाग्यात मात्र मी तीस वर्षं सरळ चालले."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही, नुसता चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग मामींच्या हातातला कापूस घेऊन पुन्हा कानात घातला आणि म्हणाले, "चल. अजून एकोणचाळीस राहिलेत."