पंडुमच्या आधीचं पोतं

धानोऱ्याच्या बाजारात शकिलाबाईच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. नवरा गेल्यावर चारोळीचं दुकान तिनं एकटीनं रेटलं, ते निम्मं जिभेच्या जोरावर. काटा मात्र चोख. आणि नेमही चोख: गोंडांच्या गावात पंडुम होईस्तोवर, म्हणजे नवा माल आधी देवापुढे ठेवायचा सण होईस्तोवर, ती चारोळीच्या बिया विकत घेत नसे. देव त्यांचा, पण नेम तिच्या नवऱ्यानं घालून दिलेला. म्हणूनच आसपासची आठ गावं दुसऱ्या व्यापाऱ्याकडे ढुंकून बघत नसत.

मग विक्की उपटला. शेजारचाच पोरगा, दोन वर्षं पुण्यात राहून शहाणा होऊन आलेला. त्यानं शकिलाचं दुकान मोबाइलवरच्या खुल्या बाजारात मांडलं. लांबलांबून मागण्या येऊ लागल्या आणि, खोटं कशाला बोला, पहिलं वर्ष बरं गेलं. पुढे त्याच बाजारात कांदे-बटाट्यांच्या शेजारी कर्ज आणि विमेही विकायला आले. शकिलाला बिया फोडायचं यंत्र हवं होतं. जात्यावर भरडून भरडून तिची मनगटं कामातून गेली होती. एप्रिलात तिनं यंत्रापुरत्या कर्जाचा अर्ज केला.

फोननं दोन मिनिटांत नकार कळवला. म्हणे दुकान भरवशाचं नाही.

शकिलाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या मेल्यानं कधी धानोरा पाहिलं नाही, तो तिचा भरवसा मोजणार! तिनं विक्कीला बोलावून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो खाली मान घालून फोन चाळत राहिला, आणि मग घोळ सापडला. त्यानं महिनाभर आधीच तिच्या दुकानात 'नवी चारोळी' मांडून ठेवली होती. पंडुम व्हायचा होता, म्हणून शकिलानं आलेल्या तेवीसच्या तेवीस मागण्या परत फिरवल्या होत्या. दारातल्या गिऱ्हाइकाला 'सण झाल्यावर ये' म्हणावं, तितक्या सहज. फोनला कुठला आलाय सण? त्यानं लिहून ठेवलं, ही बाई बोललेला माल देत नाही.

"चाची, आता आठ दिवस एकबी मागणी परत नोका करू," विक्की म्हणाला. "आपोआप कर्ज भेटते. तो झाडू कवाचा पोतं घेऊन फिरून राह्यला. घ्या न त्याचं."

झाडू हा गावाला न जुमानता अर्धकच्च्या बिया ओरबाडणारा उतावळा माणूस. एरवी शकिला त्याला ओट्यावरही चढू देत नसे.

"पंडुम झाला नाई अजून, मुडद्या!"

"पुन्यात कोनाले कळते पंडुम?"

त्याच दुपारी तिनं दार अर्धं लोटून झाडूचं पोतं घेतलं. स्वतःचीच शिसारी आली, तरी घेतलं. सगळ्या मागण्यांचा माल गेला. नवव्या दिवशी कर्ज मंजूर झालं आणि पंडुमच्या आदल्या दिवशी यंत्र दारात उतरलं.

पंडुमनंतरच्या पहिल्या बाजारी ती काटा मांडून बसली. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया आल्या, तिच्यासमोरून सरळ पुढे गेल्या आणि किलोमागे पावशेर मारणाऱ्या त्या दुसऱ्या व्यापाऱ्यापुढे जाऊन बसल्या. लुबाडल्या जाऊ, हे त्यांना ठाऊक होतं. तरी एकीनंही मान वळवली नाही.

दुपारी गावचा वडीलधारा मुखरू रिकाम्या हातानं समोरून निघाला. शकिलानं त्याला अडवलंच.

"मुखरूभाऊ, काऊन असं करून राह्यले सारे? त्या विक्कीनं घात केला माहा! त्या हरामखोरानं शिकवलं मले, त्याले जाऊन पुसा!"

मुखरूनं तिला पोटभर बोलू दिलं.

"विक्कीचं काय घेऊन बसल्या, बाई," तो म्हणाला. "पोतं तुमी घेतलं."