नाव कोरलेला डबा

सुशीलादीदी ऑफिसच्या पँट्रीमागच्या जिन्यात बसून माझी भाकरी खात होती. मांडीवर स्टीलचा डबा. झाकणावर मेधाताईंचं नाव कोरलेलं. तो डबा सकाळी मीच भरून मेधाताईंच्या हातात दिला होता.

मला बघून ती धडपडत उठली. आमच्या मजल्यावरची झाडलोट आणि बाथरूम तिच्याकडे असतात. तिला वाटलं, मी चोरीचा आळ घेणार.

"मैडम, मैंने उठाया नहीं है। मेधा मैडम खुद देती हैं।"

"आज दिया?"

"हर बार देती हैं। वो कहाँ खाती हैं आपके घर का। बोलीं, हमारे में इनके घर का नहीं चलता, तू खा ले। डिब्बा माँज के मेरी दराज़ में रख देना।" मग जरा सावरून म्हणाली, "चटनी बहुत बढ़िया बनाती हैं आप।"

मी खालच्या पायरीवर बसले.

खरं सांगते, पहिला राग मला सुशीलादीदीचा आला. माझ्या आईनं धाडलेलं पीठ, आणि खाते कोण, तर बाथरूम धुणारी? असं माझ्या मनात आलं. माझ्या! ज्या घरात मी वाढले त्या घरातल्या मुलीच्या. ते मी लपवणार नाही. मेधाताईंकडे हिशेब मागण्याआधी मला माझी स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

तीन महिने झाले होते मला नोएडाच्या या ऑफिसात. पहिल्या दिवशी कुणी ओळखीचं नाही. सगळे आपापल्या घोळक्यात, हिंदीत हसणारे. मी लिफ्टपाशी आईला फोनवर सांगत होते, पोचले गं, जेवले गं. मागून आवाज आला, "अगं, तू मराठी?" बघते तर आमची मॅनेजर. पुण्याच्या मेधाताई. नवरा केंद्र सरकारात, राहायला लक्ष्मीबाई नगर. बारा वर्षं झाली त्यांना दिल्लीत. त्यांनी माझा हात धरला आणि सगळ्या टीमला सांगितलं, "ये मेरी छोटी बहन है।"

मी गाझियाबादच्या खोलीवर जाऊन त्या रात्री रडले. आनंदानं. आई फोनवर म्हणाली, "आपलं माणूस भेटलं बघ तुला."

चौथ्या दिवशी मेधाताईंनी बेसनाचे लाडू दिले, त्या नाव कोरलेल्या डब्यातून. म्हणाल्या, "डबा रिकामा परत द्यायचा नसतो हं आपल्यात." मला कोण कौतुक वाटलं त्या 'आपल्यात'चं. मी डब्यात ज्वारीची भाकरी चौघडी करून भरली, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. त्या म्हणाल्या, "दिल्लीत भाकरीसाठी जीव तडफडतो गं. संध्याकाळी निवांत खाईन." दुसऱ्या दिवशी डबा परत. लख्ख घासलेला, आत मूठभर चिवडा.

तेव्हापासून तो डबा सुरू झाला. मी भाकरी द्यायची, त्या कधी चिवडा, कधी शंकरपाळी, काहीच नसलं तर चमचाभर साखर घालून परत करायच्या. गावचे दोन-तीन फौजी दिल्ली कँटोन्मेंटला असतात, सुटीवरून येताना कुणी ना कुणी आईनं दिलेलं पीठ आणायचं. दुसऱ्या खेपेला आईनं चटणीची वेगळी पुडी बांधून पाठवली. वर लिहिलेलं, 'मेधाताईसाठी'. मी पहाटे उठून भाकऱ्या थापायचे, खोलीतल्या मुली थापटण्याच्या आवाजानं वैतागायच्या. मी म्हणायचे, झोपा गं, माझ्या ताईला न्यायचंय.

आता आठवतं. पहिल्याच आठवड्यात मी आईला व्हिडिओ कॉल लावून त्यांच्याशी बोलायला दिलं होतं. आईच्या मागं भिंतीवर निळ्या सुटातली तसबीर, हार घातलेली. मेधाताई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "छान आहे हो घर तुमचं." त्यानंतर त्यांनी मला कधी आडनावाचं मूळ विचारलं नाही, कुलदैवत विचारलं नाही. मला वाटलं, किती मोकळ्या मनाची बाई. अहो, त्यांना कळून चुकलं होतं. "एकदा घरी ये गं," असं मात्र दर शुक्रवारी म्हणायच्या. पत्ता कधी दिला नाही.

उघड 'नाही' म्हणाल्या असत्या तर मी सोसलं असतं. तसलं बघतच मोठी झाले. पण गोड बोलून, बहीण म्हणून, तीन महिने माझ्या आईचं पीठ त्यांनी दाराबाहेर ठेवलं. आणि मी दर वेळी विचारायचे, "भाकरी कडक नव्हती ना झाली?" त्या म्हणायच्या, "लोण्यासारखी!"

त्या दिवशी जिन्यात सुशीलादीदीनं माझा हात धरला. "मेरा नाम मत लेना मैडम। ठेके पे हूँ।" मी तिला शब्द दिला.

माझीही नोकरी अधांतरीच होती. सहा महिन्यांचं प्रोबेशन. मला कायम करायचं की नाही, ते मेधाताईंनी लिहायचं. बाबा शाळेतले शिपाई म्हणून रिटायर झालेले, धाकटीचं शिक्षण माझ्यावर. दोन दिवस मी गप्प राहिले. गप्प राहणं मला जमतं, हेही मला त्या दोन दिवसांत कळलं आणि त्याचीच भीती वाटली.

शुक्रवारी सगळी टीम एका टेबलावर जेवते. मेधाताईंची पोळी-भाजी अर्धी खाऊन झाली होती. नाव कोरलेला डबा त्या सकाळी मी त्यांना दिला नव्हता, तो मी उघडला. भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि त्यांच्या ताटलीपुढे धरला. आमचं मराठी आमच्या दोघींतच असायचं. त्या दिवशी मी हिंदीत बोलले.

"ताई, तीन महीने से आपके लिए बना रही हूँ। आज मेरे सामने एक कौर खाइए।"

मेधाताई हसल्या. "अगं, आज माझा उपास आहे ना."

ताटलीत पोळी. हाताला भाजीचा रस्सा. शेजारच्या मुलानं त्यांच्या ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"व्रत में रोटी-सब्ज़ी खाती हैं आप?" मी विचारलं.

"हळू बोल. मराठीत बोल ना, सगळे ऐकतायत."

"इसीलिए हिंदी में बोल रही हूँ। आप मेरे घर का नहीं खातीं, क्योंकि हम दलित हैं। एक दिन भी नहीं खाया। मुझे छोटी बहन मत कहिए।"

कुणी माझ्या बाजूनं उठलं नाही, हेही लिहून ठेवते. तो तुकडा मी स्वतः खाल्ला. उरलेली भाकरी तिथेच बसून, सगळ्यांदेखत, शेवटपर्यंत खाल्ली. चटणी खरंच चांगली झाली होती.

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. 'मी तुला इतकं प्रेम दिलं, तू चारचौघांत माझी अब्रू काढलीस. तुझा प्रोबेशनचा फॉर्म भरताना मला विचार करावा लागेल.' मी तो मेसेज जपून ठेवलाय. करू देत विचार. मला काढलं तर का काढलं, ते मी एचआरला लिहून देणार, माझ्या नावानं, माझ्या जातीसकट, हा मेसेज जोडून. इथं नोकरी राहिली नाही तर दुसरीकडे शोधेन आणि तिथं पहिल्या दिवशीच सांगेन मी कोण ते, जेवणाआधी.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या पुडीवरचं नाव खोड." मी खोडलं.

त्या शुक्रवारी ऑफिसातून निघण्याआधीच मी तो डबा घासला, पुसला आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आले होते. रिकामा.