ताईसाठी कोरलेले शिक्के

माझी थोरली बहीण देऊळघाटला असते आणि मी जळगाव जामोदला. मधे नांदुरा, मोताळा, मग घाट आणि बुलढाणा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर त्याच भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. दुसरीकडे कुठं जावं, असं काही नव्हतं. संध्याकाळी चहा ठेवला की ताईचा फोन यायचा. "काय रांधलं आज?" इथून सुरुवात. मग शेळी, सून, शेजारीण, गुडघे. अर्धा तास सहज जायचा. दिवसभरात मी तेवढंच बोलायचे, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

ताई दुसरीतच शाळेतून निघाली. शेळ्या राखायला घरात कुणीतरी हवं होतं आणि मी लहान होते, म्हणून मी शिकले. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र एवढ्या पोरांना वाचायला शिकवलं आणि सख्ख्या बहिणीला अक्षरओळख करून द्यायची राहूनच गेली. पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत, असं म्हणत नोकरी संपली.

दोन वर्षांपूर्वी ताईला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ऐकू यायचं, कळायचं सगळं, पण शब्द फुटत नव्हता. सून तिच्या कानाला फोन लावायची, मी इकडून बोलत राहायचे आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. एक दिवस तो श्वास हुंदक्यासारखा झाला. सुनेनं फोन घेतला.

"मावशी, तुमचा फोन झाला की सासूबाई जेवत नाहीत. काही दिवस नका करू."

मी बरं म्हणाले. त्या संध्याकाळी चहा केला आणि न पिता ओतून दिला.

पत्र लिहिलं असतं तर ते सुनेनं वाचून दाखवलं असतं. सून चांगली आहे, पण मला तिच्या तोंडून ताईशी बोलायचं नव्हतं. अशातच मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. एक बाई शिक्के मारून भेटकार्डं बनवत होती. चित्र पाठवलं तर ते वाचून दाखवावं लागणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्याच दुपारी मी घरपोच येणारा एक मोठा संच मागवला.

संच आला तेव्हा टेबल भरून गेलं. पारदर्शक रबराचे शिक्के, ते चिकटवायचे ॲक्रिलिकचे ठोकळे, बारा रंगांचे शाईचे पॅड, चमचमती भुकटी, रिबिनी, कागदाची घडी दाबायची पट्टी, तऱ्हेतऱ्हेच्या कात्र्या. शिक्क्यांवर बर्फाची माणसं, सूचिपर्णी झाडं आणि इंग्रजीत शुभेच्छा. देऊळघाटच्या माझ्या बहिणीला पाठवण्यासारखं त्यात एकही चित्र नव्हतं. तरी एक फूल निवडलं, दुकानातल्या गुळगुळीत चकचकीत कागदावर मारलं, आणि बोट लागताच ते फरफटलं. मग साध्या वहीच्या कागदावर मारलं, तर शाई फुटून फुलाचा डाग झाला. चार दिवस मी नुसता कागद नासवला.

तहसील कचेरीसमोर शिक्के बनवून देणारे एक म्हातारे काका बसतात. नासलेली कार्डं पिशवीत घालून त्यांच्याकडे गेले.

"कोन्त्या ऑफिसचा पायजे, मॅडम? गोल का चौकोनी?"

"ऑफिसचा नाही. शेळीचा हवाय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शेळीचा? काही सरकारी योजना निघाली काय?"

मला हसू आलं आणि मग ते आवरेना. हसता हसता डोळे भरून आले तेव्हा त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. मी त्यांना ताईचं सगळं सांगितलं. कुणाला सांगायची ती पहिलीच वेळ. त्यांनी माझी कार्डं एकेक करून उजेडात धरली.

"शाईत दोष नाही," ते म्हणाले. "हा कागद शाई घेतच नाही, अन् हा समदी पिऊन राह्यला. जाड घ्या, गुळगुळीत घ्या, पण चमकणारा नको. अन् एवढं सामान कायले घेतलं? चांगला रबर, धारेची कोरणी, एक काळी शाई अन् कागदाखाली मऊ काहीतरी. बाकी दुकानदाराचं पोट भरायचं सामान हाय."

त्यांनी मला उरलेल्या रबराचे तुकडे दिले आणि कोरायचं कसं ते दाखवलं. चित्र उलटं काढायचं. कोरणी एका जागी ठेवून रबर फिरवायचा. रेषेच्या बाहेरच्या बाजूनं कापायचं, रेषेखालचं रबर पोखरायचं नाही, नाहीतर दाबल्यावर रेष वाकते. शिक्का पॅडवर घासायचा नाही, हलक्या हातानं टेकवायचा. कागदाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली की ठसा सगळीकडे सारखा उठतो. कार्डाची घडी दाबायला मी स्वयंपाकघरातल्या चमच्याचा दांडा घेतला. बारा पॅडमधले अकरा परत डब्यात गेले.

माझी पहिली शेळी कुत्र्यासारखी दिसत होती. तिसरी जमली. मग पिंपळाचं पान कोरलं, चहाची कपबशी कोरली आणि शेवटी एस.टी. काकांनी प्रत्येक रबराला ऑफिसच्या शिक्क्याला असते तशी गोल लाकडी मूठ बसवून दिली. काही काम नसलं तरी मी अधूनमधून त्यांच्या टपरीवर जाऊन बसायचे. ते काम करत राहायचे, मी बघत राहायचे. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

ताईला दर आठवड्याला एक कार्ड जाऊ लागलं. कपबशी म्हणजे मी चहा घेतेय. बुद्धपौर्णिमेला पिंपळाची पानं. आणि एकदा एस.टी. पाठवली, खाली काहीच न लिहिता. चार दिवसांनी मी गाडीत बसले. बुलढाण्याला उतरून ऑटोनं देऊळघाटला पोचले, तर ताई दारात खुर्चीवर बसलेली.

"कार्ड आलं तवापासून दारातच बसून राह्यल्या," सून म्हणाली. "आत चला म्हटलं की मान हलवतात."

ताईनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

पिशवीत मी शिक्के आणि काळ्या शाईचा पॅड नेला होता. दुपारी तिला खाटेवर बसवून मांडीवर पाट ठेवला, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर कागद, आणि तिच्या डाव्या हातात शेळीची मूठ दिली. बोटांत मावेल असा तो लाकडी गोळा तिनं घट्ट धरला. पहिला ठसा अर्धाच उठला. दुसऱ्याला शेळी पूर्ण आली. ताईच्या घशातून आवाज निघाला. तो तिचा हसण्याचा आवाज होता. इतक्या महिन्यांनी ऐकला तरी मी लगेच ओळखला. मग तिनं थांबायचं नावच घेतलं नाही. कागद संपला तेव्हा चादरीवर एक शेळी उमटली होती.

निघताना मी सगळं सामान तिच्याकडेच ठेवलं. परतीच्या गाडीत पिशवी हलकी लागत होती.

त्यानंतर मोबाइलवर फोटो येऊ लागले. ताईनं मारलेली पानं, शेळ्यांचे कळप, एकावर एक आलेल्या कपबशा. मी सुनेला म्हटलं, "एखादं कार्ड पोस्टानं पाठव ना."

"मावशी, फोटो तर लगेच दिसते. पोस्टात काऊन टाकायचं? हरवलं म्हंजे?"

तिचं बरोबर होतं. ती दिवसभर कापूस वेचून येते, मग ताईचं सगळं करते. मी पुन्हा म्हटलं नाही. पण कागदावर ताईचा हात जिथं जोरानं पडला असेल, तिथला दाब बोटाला लागला असता. फोटो कितीही मोठा केला तरी तो लागत नव्हता.

थंडीत ताईला दुसरा झटका आला. आता ती हात उचलत नाही. मी भेटायला गेले तेव्हा सुनेनं सामान धुऊनपुसून, नीट बांधून माझ्या हाती दिलं. पॅड वाळला होता. शेळीचा एक कान तुटला होता. मला तो नवा कोरता आला असता, पण मी तिला तशीच ठेवली आहे.

आता मी नवीन काही मागवत नाही. शाई संपली की काकांकडून आणते, जाड कागद बाजारातून. कार्डं पुन्हा दर आठवड्याला जातात. सून ती ताईच्या डोळ्यांपुढं धरते.

"बघते का गं?" मी फोनवर विचारते.

"बघतात, मावशी. कधी कधी."

मी फोन ठेवते आणि पुढच्या कार्डाचा कागद कापायला घेते.