मालकाला विचारल्याशिवाय

बाबांनी जेवण सोडलं ते तत्त्वासाठी. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंशात बरंवाईट ठरवायची शक्ती जाते. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, शिकलेल्या माणसाचं ऐकून घेते. हे मात्र पटलं नाही.

विजय नगरचं हे घर मी माझ्या पगारातून घेतलं. बाबांना ते परक्याचं वाटतं, आणि मी तिथली कामवाली.

"दीदी, मालकाला विचारलं का?" ताट आलं की ते म्हणत.

"बाबा, घर आपलंच आहे."

"आपलं कारखान्याचं क्वार्टर आहे. हे काहून आपलं होईल? न विचारता खाल्लं तर चोरीच झाली ना."

यात चुकीचं काय होतं? फक्त घर चुकत होतं.

चहावर दिवस निघायचा. गालफडं बसली, पायजमा कमरेवर टिकेना. मी चहात दुधाची पावडर मिसळायला गेले, तर म्हणाले, "चोरून काय टाकून राहिली? कामावरून काढतील तुले."

मग एका दुपारी शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकूंना त्यांच्यापाशी बसवलं. चांगली साडी नेसून बाहेर गेले आणि माझ्याच घराची बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, हसू दाबत म्हणाल्या, "आइए, मालकिन."

"मी या घराची मालकीण," मी बाबांना सांगितलं. "माझी परवानगी आहे. जेवून घ्या."

बाबा उठले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. सगळी नोकरी त्यांनी संरक्षण खात्याच्या कारखान्यात काढली. सुटी झाली की गेटवर प्रत्येकाची झडती व्हायची. आपल्याजवळ कधी एक खिळा सापडला नाही, हे ते पाहुण्यांनाही ऐकवायचे.

"आधी झडती घ्या, बाईसाहेब. मग जेवतो."

मी घेतली. हाताला बरगड्याच लागत होत्या. बंडीच्या आतल्या खिशात घडी केलेली, वाळलेली पोळी निघाली.

त्यांचे हात खाली आले.

"घेतली मी. माझ्या पोरीची परीक्षा आहे. उपाशी बसली असेल ती." मग हळूच म्हणाले, "मले काढून टाका. तिचं कॉलेज बंद नका पाडू."

काकू खिडकीकडे बघायला लागल्या.

"पोळी पोरीला न्या," मी म्हणाले. "तुम्हीही जेवा."

त्यांनी पोळी झटकून परत खिशात ठेवली. "ती जेवली की जेवतो."

"बाबा, मीच ती. मी जेवले."

"गरिबाची चेष्टा नका करू, बाईसाहेब."

आत जाऊन मी घरातली साडी नेसले, वरणभात गरम केला आणि पुन्हा ताट घेऊन बसले.

"जेवा आता. पोरगी जेवली तुमची."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुले कसं माहीत, दीदी? तू तर इथंच होती."

आणि ताट माझ्याकडे सरकवलं.