आर्मिदा पिसाचा मनोरा का चढली नाही

आर्मिदाचं दार आणि माझं दार समोरासमोर. त्यामुळे तिच्याकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, आणि माझ्याकडे काय बिनसलंय ते तिला आवाजावरून. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची सगळी हयात गेली. पोरांना वाढता वाढता आवाज असा तयार झालाय, की आमच्या लुक्का शहराच्या तटावरून तिने हाक मारली तर खालच्या चौकातली माणसं ताटं घेऊन रांग लावतील.

निवृत्त झाली तरी हुकूम सोडायची खोड कुठे जाणार? मग आमचं म्हाताऱ्यांचं मंडळ तिच्या तावडीत सापडलं. महिन्यातून एकदा सकाळच्या गाडीने जुनं गाव बघायला निघायचं आणि संध्याकाळी परत, हे तिचंच खूळ. पिस्तोइया झालं, प्रातो झालं, अरेत्सो झालं. पोलेन्ता म्हणजे मक्याची लापशी, ती ढवळायचा लाकडी डाव उंच धरून ती पुढे, आम्ही मागे. स्टेशनवर प्रत्येकाने तिकिटावर यंत्राचा शिक्का मारलाय की नाही, हे ती जातीने बघते. एकदा माझा राहिला तर अख्ख्या फलाटासमोर माझी खरडपट्टी काढली. पुढच्या सहलीपर्यंत मी तिच्याशी बोलले नव्हते.

पिसा तेवढं राहिलं होतं. आहे अर्ध्या तासावर, पण दोन्ही शहरांचं वैर जुनं, लुक्काच्या माणसाने पदरचं भाडं भरून पिसाच्या माणसांची तोंडं बघायला जायचं म्हणजे जिवावरच येतं. आर्मिदाचं कारण मात्र वेगळं होतं. तिचा नातू नेरी. त्याची आई तोरीनोला नोकरीला, म्हणून पोरगा हिच्याच हाताखाली वाढला. तो गुराढोरांचा डॉक्टर व्हायला पिसाच्या विद्यापीठात गेला तेव्हा ही त्याला म्हणाली, "तुला पदवी मिळाली की तो वाकडा मनोरा आपण दोघं मिळून चढू. तोवर मीही चढणार नाही." पिसाच्या विद्यार्थ्यांत हे अगदी पक्कं असतं. पदवीआधी मनोरा चढलास, की पदवी हातची गेलीच. वर्षानुवर्षं त्याच्या सावलीत राहतात, पण पायरीला पाय लावत नाहीत.

जुलैमध्ये नेरीचा फोन आला, झालो पास. पदवीधराच्या डोक्यावर घालतात तो पानांचा मुकुट नको, जेवणावळ नको, मला गाजावाजा आवडत नाही म्हणाला. आर्मिदाच्या जिवाला फार लागलं ते. त्या दिवशी तिच्या घरातून कसलाच वास आला नाही. पण दुसऱ्या दिवशी मासळीवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना सांगून आली, "माझा नेरी डॉक्टर झाला." आणि ऑक्टोबरची सहल पिसाला ठरवून टाकली.

गाडीत ग्वाल्तिएरो आमच्या समोर बसला होता. जन्मभर न्हावीकाम केलेला माणूस, कात्री थांबली तरी तोंड थांबलेलं नाही.

"आर्मिदा, तुझ्या डॉक्टरला माझा गुडघा दाखवीन म्हणतो."

"अरे, तो गुरांचा डॉक्टर आहे."

"मग तर योग्य माणसाकडेच चाललायस," मी म्हटलं.

पिसातल्या सान रोस्सोरेच्या छोट्या स्टेशनवर नेरी उभा होता. वाळलेला, डोळे आत गेलेले. सगळ्यांनी त्याला घेरलं. डॉक्टरसाहेब इकडे, डॉक्टरसाहेब तिकडे. तो जमिनीकडे बघून हसत होता. मला वाटलं, पोरगा लाजतोय. आर्मिदाने पिशवीतून बेदाण्यांचा गोड पाव काढून त्याच्या हातात कोंबला आणि त्याचा दंड धरून मनोऱ्याकडे चालू लागली. इतकी खुशीत मी तिला तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आमची आत जायची वेळ झाली, रांग सरकू लागली. नेरी जागचा हलेना.

"आजी, तुम्ही जाऊन या. मी पिशव्या सांभाळतो."

"पिशव्या तिथे ठेवून घेतात रे."

"मला हल्ली उंचावर गरगरतं."

"तू? तटाच्या कठड्यावरून पळायचास आणि मी खालून बोंबलायची."

"बूट घसरतात, आजी. पायऱ्या गुळगुळीत आहेत."

ग्वाल्तिएरोला तेवढंच हवं होतं. "अहो डॉक्टर, परीक्षा राहिलेल्या पोरासारखं काय करताय?"

बोलला आणि त्याने स्वतःच जीभ चावली. नेरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आम्ही सगळेच कुठे बघावं ते न कळून बुटांकडे बघत राहिलो.

"माझा गुडघा दुखतोय," आर्मिदा म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे."

सकाळी स्टेशनवर हीच बाई आमच्या सगळ्यांच्या पुढे पळत होती. बाकीचे मुकाट वर गेले. मी मात्र हलले नाही. एक तर तिला सोडवेना, आणि खरं सांगायचं तर मला सगळं ऐकायचं होतं.

आम्ही हिरवळीच्या कडेला बसलो.

"किती राहिल्यात?" तिने विचारलं.

"तीन. जुलैच्या परीक्षेत नापास झालो. तुला तेच सांगायला फोन केला होता. तू उचलल्या उचलल्या म्हणालीस, झाला ना रे माझा डॉक्टर? माझ्या तोंडून हो निघून गेलं. मग रोज वाटायचं, उद्या सांगू."

"आणि मी बाजारभर नाचले."

तो रडायला लागला. एवढा बाप्या गडी, पण अगदी हमसून हमसून. मी असते तर आधी एक ठेवून दिली असती. आर्मिदा मात्र मान वर करून मनोऱ्याकडे बघत राहिली आणि एकाएकी गदगदा हसायला लागली.

"खोटं बोलायला भ्याला नाहीस, आणि मनोऱ्याला भ्यालास?"

"चढलो असतो तर सगळं संपलंच असतं, आजी."

"तेच म्हणतेय मी. माझ्याबरोबर गुपचूप वर जाऊन आला असतास तर मला पत्ताही लागला नसता. ज्याने पदवीवर पाणी सोडलंय तो खुशाल चढला असता. म्हणजे पास व्हायचं अजून आहे तुझ्या मनात." तिने बाहीनेच त्याचं तोंड पुसलं. "चल, आधी काहीतरी खा. वाळून काडी झालायस."

हरभऱ्याच्या पिठाचं गरम धिरडं, आम्ही चेचीना म्हणतो ते, आणून तिने त्याला स्वतः भरवलं. मलाही दिलं. पिसाचं असूनही चांगलं होतं.

परतीच्या गाडीत नेरी आमच्याबरोबर होता. ग्वाल्तिएरो खिडकीला नाक लावून बसला होता. मग आर्मिदा उठली आणि स्वयंपाकघरातल्या आवाजात म्हणाली, "ऐका सगळे. हा अजून डॉक्टर झालेला नाही, तीन परीक्षा राहिल्यात. उद्या बाजारात हे मी स्वतः सांगणार आहे. माझ्या आधी कुणी तोंड उघडलं, तर पुढच्या सहलीला त्याला तिकीट नाही."

आणि सांगितलं तिने. मासळीवाल्यापुढे तिचे कान लाल झालेले मी पाहिले, घसा दोनदा खाकरला, पण सांगितलं. मला माझ्या शेजारणीचा तेव्हा इतका अभिमान वाटला, की मी लागत नसताना किलोभर मासळी घेतली.

हल्ली नेरी तिच्याकडेच राहतो. पहाटेपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गाईच्या पोटाचे विकार मोठमोठ्याने घोकतो. आणि ही रिकाम्या हातांनी आमचा जिना तळापासून गच्चीपर्यंत चढते, उतरते, परत चढते. काल मी दार उघडून तिला अडवलंच.

"अगं बाई, गुडघे जातील तुझे. काय चाललंय हे?"

कठड्याला धरून तिने जरा दम खाल्ला.

"तो तयारी करतोय ना," म्हणाली, "मग मी नको करायला?"