साक्ष दिल्यानंतरचे दुखणे

डॉक्टरीणबाईंनी सगुणेच्या पोटावर उजव्या बाजूला, खाली, बोटे दाबली आणि विचारले, "इथे दुखते?"

"नाही दुखत," माझी बायको म्हणाली. तिच्या पायांची बोटे मात्र आखडली होती.

बाईंनी मला आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पुढारी थोमाकाका यांना व्हरांड्यात बोलावले. "तोंड नाही म्हणते, पण पोट उजवीकडे फळीसारखे कडक झाले आहे. अपेंडिक्स फुटलेले दिसते."

अपेंडिक्स म्हणजे आतड्याला असलेले करंगळीएवढे शेपूट. ते सुजते, फुटते आणि पू पोटात पसरतो. त्या पसरण्याला पेरिटोनायटिस म्हणतात. त्यातून थोडेच लोक वाचतात.

"पू अजून एका जागी कोंडलेला असावा," बाई म्हणाल्या. "आज काढला तर आशा आहे. पण त्या कापू देत नाहीत, आणि मी बळजबरीने कुणाला क्लोरोफॉर्मची भूल देत नाही."

हे वाशीमच्या मिशन दवाखान्यातले, दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीच्या एका उन्हाळ्यातले. आपल्या मंडळ्यांतल्या एखाद्या घरावर असाच प्रसंग येईल, म्हणून लिहून ठेवतो.

आम्ही किन्हीराजा गावचे. घरची वांगी-मिरचीची वाडी आहे, आणि मी मिशनच्या शाळेत अंकगणित शिकवतो. सगुणेचे दुखणे आधी बेंबीपाशी सुरू झाले, मग उलट्या झाल्या आणि ते उजवीकडे सरकून तिथेच बसले. मी गाडी जुंपायच्या विचारात होतो, तेवढ्यात थोमाकाका आले. काकांच्या प्रार्थनेने आमच्याकडे आजारी माणसे उठली होती. देवाने त्यांना बरे करण्याचे कृपादान दिले आहे असे आम्ही सर्व मानत होतो. मी आजही ते खोटे म्हणत नाही.

त्यांनी पवित्र शास्त्रात सांगितल्याप्रमाणे तिच्या कपाळाला तेल लावले, डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. आमेन होण्याच्या आतच सगुणेने आवळलेली मूठ सोडली.

"थांबलं," ती म्हणाली. "काकाजी, एकदम थांबलं."

"बरी झाली पोरगी," काका म्हणाले, आणि आम्ही रडलो. रविवारी ती अर्पणाची वांग्यांची टोपली घेऊन मंडळीसमोर उभी राहिली आणि देवाने मला बरे केले अशी साक्ष दिली. आमच्यात ही रीत आहे. आणि देवासमोर दिलेली साक्ष कोणी परत घेत नाही.

त्यानंतर ती कंबरेत वाकून चालू लागली. भाकरी तशीच उरवायची. मी थर्मामीटर लावला तर एकशे एक, दुसऱ्या दिवशी एकशे तीन. "उन्हाचं आहे," ती म्हणायची. शेवटी वाडीत पाणी देताना ती पाण्याच्या दांडाच्या कडेला बसली आणि तिला उठता येईना. मी विचारणे सोडून दिले आणि गाडी जुंपली. हाकायला थोमाकाका स्वतः बसले. जवळच्या मालेगावहून मोटार मिळाली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला सगुणा डोळे मिटायची आणि म्हणायची, "दुखून नाही राह्यलं."

व्हरांड्यात काकांनी डॉक्टरीणबाईंना विचारले, "पण बाई, मधात तिचं दुखणं थांबलं होतं. साफ थांबलं होतं."

"सुजलेले अपेंडिक्स फुटले की आतला ताण जातो. दुखणे एकाएकी थांबते. पुढे वाढते ते दुसरे दुखणे."

"म्हंजे मी हात ठेवला तवा..."

"तेव्हाच फुटले असावे," बाई म्हणाल्या. "मी तयारी करून ठेवते. फार वेळ नाही."

काकांनी डोक्याचे पागोटे काढून मांडीवर घेतले. मी म्हणालो, "काकाजी, ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल." मी त्यांच्याकडे काय मागतो आहे ते मला कळत होते. तीन-चार गावांतून लोक त्यांच्याकडे बरे व्हायला यायचे, आणि आता त्यांना आपल्या प्रार्थनेने ती बरी झाली नाही असे म्हणावे लागणार होते.

मी एकटाच आत गेलो. शेजारच्या खाटेवर टायफॉइडची एक मुलगी होती. तिची आई, वाशीमच्या बांगडीवाल्याची बायको, मला पाहताच म्हणाली, "भाऊ, तुमची बायको चादर चावून राह्यली अन् दुखत नाही म्हणते." मग ती सगुणेकडे वळली, "बाई वं, डॉक्टरीणीले फसवशीन, पोटाले कशी फसवशीन?"

सगुणेने मला जवळ बोलावले. "मी देवासमोर बोलली. आता दुखते म्हटलं तर मी खोटी ठरली. खोट्याचं तारण होते काय? मी मेली तरी चालीन, पण माहा आत्मा वाचू द्या."

मी तिचा हात हातात घेतला. तो तापलेला होता.

तेवढ्यात काका आत आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

"सगुणा, प्रेषित पौल मोठा का मी मोठा?"

"हे काय विचारता, काकाजी?"

"सांग तं."

"पौल."

"त्याच्या हातानं मेलेलं पोरगं उठलं. तरी त्रफिम नावाच्या सोबत्याले आजारीच मांगं ठेवून त्याले पुढं जा लागलं. शास्त्रात आहे. मंग त्रफिमाचं तारण गेलं काय?"

तिने मान हलवून नाही म्हटले.

"दान देवाचं असते, पोरी. कोणाले द्याचं अन् कवा द्याचं, त्याची मर्जी. तारण त्या दानावर टांगून नाही. ते ख्रिस्तानं वधस्तंभावर पुरं केलं. तुह्या पोटानं नाही, माह्या हातानं बी नाही. दुखणं थांबलं असं तू बोलली, ते खरं होतं. बरी झाली असं पयले मी बोललो. देव नव्हता बोलला. आता सांग, दुखते?"

तिने मुठीतली चादर सोडली.

"दुखते," ती म्हणाली. "लई दुखते काकाजी, पयलेपेक्षा जास्त." आणि मोठ्याने रडू लागली.

"या अल्ला, बोलली एकदाची!" बांगडीवालीने म्हटले आणि नर्सला हाक मारत ती दाराकडे धावली.

शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा काका बाहेर बाकावर बसून होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दीड वाटी पू निघाला. पसरला नव्हता. पण आज मी काही भरवसा देत नाही." पोटात रबराची नळी ठेवली होती, उरलेला पू वाहून जावा म्हणून. तिला ड्रेन म्हणतात. त्या रात्री ताप एकशे चारवर गेला. पुढचे दिवस तो अर्ध्या अर्ध्या अंशाने उतरला. मग एका सकाळी तिने पेज नको म्हटले आणि भाकरी मागितली.

डॉक्टरीणबाईंच्या हातांसाठी मी देवाचे उपकार मानतो. शास्त्रात कृपादाने पुष्कळ सांगितली आहेत, आणि ती एकाच माणसाजवळ नसतात. हे मी लहानपणापासून वाचत आलो होतो. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा. मात्र त्यानंतर तो "दुखते" म्हणाला तर त्याला खोटा किंवा अविश्वासी म्हणू नका. तसे ठरू या भीतीनेच माझी बायको मरायला निघाली होती.

नळी काढली त्या दिवशी काका भेटायला आले होते. बांगडीवाली म्हणाली, "चाचा, माह्या पोरीवर बी हात ठेवा नं." काकांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिले. "ठेवा," बाई म्हणाल्या, "औषधाची वेळ मात्र चुकवू नका."

त्यांनी मुलीच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. मग वाकून विचारले, "आता कसं वाटते? आहे तसं सांग, मले राग नाही येत."

"डोकं दुखते," मुलगी म्हणाली.

"बरं," काका म्हणाले, आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.