तारक्कांची दोन पावलं

तारक्कांच्या समोरून कुणी चालत आलं की त्या दोन पावलं मागे सरायच्या. पाहुणा असो, पोस्टमन असो, नाहीतर बंगळूरच्या शिवाजीनगर बाजारातला कोथिंबीरवाला असो, माणूस जवळ येऊ लागला की त्यांचे गुडघे किंचित वाकायचे, हात अंगापासून सुटे व्हायचे आणि त्या अलगद मागे जायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाई भित्री दिसते. तो बिचारा आणखी पुढे यायचा. मग तारक्का त्याचं मनगट असं काही पकडायच्या की कॉफी प्यायल्याशिवाय त्याची सुटका नसायची.

ही खोड कबड्डीची. एका सरकारी कारखान्यात त्या खेळाडू म्हणून नोकरीला लागल्या, त्याच कारखान्याच्या संघातून गुडघे कुरकुरू लागेपर्यंत खेळल्या आणि मग त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसून निवृत्त झाल्या. "चढाईवालीला येऊ द्यायचं," त्या सांगायच्या. "मागं सरायचं, हसायचं, आत बोलवायचं. आत आली की सरी, झालं, आता परत जाऊन दाखव बगू!" हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की ऐकणारीला उगाच दाराकडे बघावंसं वाटायचं.

त्यांचं घराणं बंगळूरचंच म्हणायचं. कैक पिढ्यांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आलेले हे लोक इथलेच होऊन गेले. घरात मराठी, पण तीत कन्नड अशी मुरलेली की वेगळी काढता येऊ नये. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, सर्जापूर रोडवरच्या एका उंच इमारतीत भाड्यानं राहणारी. माझ्या मराठीला त्या मनापासून हसायच्या. "तुझ्या एका वाक्यात मराठी स्वल्पच गं," त्या म्हणायच्या, "बाकी सगळं इंग्लिश. आणि म्हणे पुण्याची!" खरंच होतं ते. ऑफिसात हिंदी, लिफ्टमध्ये इंग्रजी, आणि मराठी फक्त आईच्या फोनवर. तारक्का भेटेपर्यंत या शहरात मला मराठीत कुणी रागावलंच नव्हतं.

पहिली भेटसुद्धा रागावण्यातूनच झाली. आम्ही काही जणी दर रविवारी सकाळी सर्जापूर रोडच्या आतल्या बाजूला एका भाड्याच्या मैदानावर फ्लॅग फुटबॉल खेळायचो. नाव फुटबॉल असलं तरी पायाचं काम फक्त पळण्यापुरतं. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पुढे फेकायचा. पाडापाडी नाही. प्रत्येकीच्या कमरेला दोन फिती लटकत असतात. चेंडू घेऊन पळणारीची फीत ओढली की तिची धाव तिथंच संपली, आणि पुढचा डाव त्याच जागेवरून सुरू. चार डावांत ठरलेली रेष गाठायची, नाही गाठली तर चेंडू दुसऱ्या संघाला. त्या दिवशी आमच्या बचावातून एक मुलगी सरळ पळत निघून गेली, आणि जाळीबाहेरून खणखणीत आवाज आला, "अगं धर की तिला! तोंड काय बगतेस?" वळून पाहिलं तर जांभळी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात भाजीची पिशवी. कुठल्याशा नात्यातल्या बाळाला बघायला आल्या होत्या. बाळ राहिलं बाजूला, त्या मैदानात शिरल्या त्या शिरल्याच.

पुढच्या रविवारपासून त्या शिवाजीनगरहून बस बदलत येऊ लागल्या. फितीचा प्रकार त्यांना अजिबात पटला नव्हता. "चिंधी काय ओढायची? बाई धरायची!" असं म्हणून त्यांनी आमच्या सौम्याला कमरेत अशी मिठी घातली की ती किंचाळलीच. सौम्या ही आमची सगळ्यात वेगवान पोरगी, मंड्याकडची, तोंडानं फटकळ. नियमात धरणं बसत नाही हे तारक्कांना समजावता समजावता आम्ही दमलो. शेवटी त्यांनी तडजोड केली. धरायचं नाही, पण आधीचं सगळं कबड्डीचंच करायचं. उभं राहणं, वाकणं, जोडीदारणीकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं, हे सगळं त्यांनी आम्हाला शिकवलं. आम्ही त्यांच्यावर फिदा झालो आणि आमचा बचाव तारक्कांच्या ताब्यात गेला.

आणि आम्ही हरू लागलो. म्हणजे आधीही हरायचोच, पण आता एकाच पद्धतीनं हरू लागलो. कुणी चेंडू लांब फेकला तर आम्ही अडवायचो. पण सरळ मधून पळत आलं की आम्ही गेलो. होसकोटेच्या संघानं हे बरोबर हेरलं. तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुली त्या. त्यांच्यात मंजुळा नावाची एक दणकट मुलगी होती. त्यांची युक्ती म्हणजे चेंडू मंजुळाच्या हातात द्यायचा. बस्स. दुसरी युक्ती नाहीच. ती मधून येणार हे आम्हाला माहीत, बघायला आलेल्यांना माहीत, मैदानाबाहेरच्या शहाळेवाल्यालाही माहीत. तरी ती दर डावाला चार-पाच पावलं घेऊनच जायची. चार डावांत रेष पार.

कारण काय, यावर आमच्याकडे मतांना तोटा नव्हता. क्लबचं सगळं बघणारा कार्तिक म्हणाला, ताकद कमी पडते, जिमला जा. मी म्हणाले, आपल्या दोघी-दोघींमधल्या फटी मोठ्या राहतात. कुणी बुटांना दोष दिला. तारक्का म्हणाल्या, "भिता तुम्ही. दुसरं काय!" आम्ही भीत नव्हतो. मंजुळाची फीत आम्ही प्रत्येक वेळी ओढत होतो, कोडं तर तेच होतं. ओढत होतो आणि हरत होतो.

शेवटी कार्तिकनं त्यांना बाजूला बोलावलं. मी दुभाषी म्हणून उभी, खरं तर गरज नव्हती, कन्नड दोघांनाही येत होतं आणि एव्हाना थोडंफार मलाही. तो सभ्य मुलगा, शब्द शोधत होता. होसकोटेशी पुन्हा सामना आहे, तोही असाच गेला तर प्रमाणपत्रवाला प्रशिक्षक आणावा लागेल, तुम्ही मग आराम करा, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. बोलता बोलता तो पुढे आला आणि तारक्का सवयीनं दोन पावलं मागे सरल्या. त्याला वाटलं, मान्य झालं. इतक्यात त्यांनी त्याचं मनगट धरलं. "आराम मी कारखान्यात केला," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "आण तुझा सर्टिफिकेटवाला. मी हितनं हलत नाही. हलवायचं असलं तर चौघं घेऊन ये." आणि मग माझ्याकडे वळून, मराठीत, हळू आवाजात म्हणाल्या, "घरी बसून काय करू गं मी? भिंती बगू?" त्यांचा आवाज असा उतरलेला मी कधी ऐकला नव्हता. मला कार्तिकचा राग आला. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला.

त्याच सकाळी त्या स्वतः बचावात उभ्या राहिल्या. साडी खोचली आणि सौम्याला म्हणाल्या, "ये, मंजुळासारखी ये." सौम्या आली. तारक्का दोन पावलं मागे सरल्या, वाकल्या, तिला आत येऊ दिलं आणि बाजूनं हात घालून फीत खेचली. साठी उलटलेल्या बाईचा तो हात बघून आम्ही टाळ्या वाजवल्या. पुन्हा आली, पुन्हा खेचली. "बगितलं? एकदा तरी सुटली काय?" तारक्का फीत नाचवत म्हणाल्या. सौम्या धापा टाकत हसत होती. ती कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, तुम्ही मला धरलं खरं. पण मी निघाले तिथून. आणि उभी आहे इथं. मला परत कुठं जायचंय?"

तारक्कांचा फीत नाचवणारा हात खाली आला. त्यांनी सौम्या निघाली ती जागा बघितली, मग ती उभी होती ती जागा बघितली. कबड्डीत आत आलेलीला स्वतःच्या अंगणात परतायचं असतं. बचावाचा सगळा जीव त्या परतीच्या वाटेवर. म्हणून तिला आत घ्यायचं, खोल घ्यायचं. इथं पळणारीला परतायचंच नव्हतं. आम्ही मागे सरून दिलेलं प्रत्येक पाऊल तिनं खिशात घातलेलं होतं, आणि ते देणं आम्हाला या बाईनं जिवापाड मेहनत घेऊन शिकवलं होतं.

दुसरं कुणी असतं तर ओशाळलं असतं. तारक्का भाजीची पिशवी उचलून निघून गेल्या, आणि पुढच्या रविवारी आल्या त्या फणकाऱ्यानंच. "मी शिकवलं ते चूक," त्यांनी जाहीर केलं, जणू चूक आमची होती. "विसरा ते. साकू, पुरे. आता पुढं जायचं. ती निघायच्या आत तिच्याजवळ पोचायचं. रडत कोण बसलंय?"

विसरणं सोपं नव्हतं, सगळ्यात कठीण त्यांनाच. तोंडानं "पुढं!" ओरडायच्या आणि पाय मागे जायचे. मधल्या एका संध्याकाळी मी शिवाजीनगरला त्यांच्या घरी गेले, तर त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टाचा टेकवून उभ्या होत्या आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या भावाची बायको, कणकेची परात घेऊन त्यांच्या अंगावर चालून येत होती. "मागं भिंत असली की पाय जाईल कुठं?" तारक्का म्हणाल्या. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "पोळ्या कधी व्हायच्या, ते विचार तुझ्या अक्काला." रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांच्या टाचा मैदानाच्या एका बाजूच्या कंपाउंडच्या भिंतीला लावल्या. मागे सरलं की भिंत ढुंगणाला लागायची. एखादी ओरडली की तारक्का खूश.

सामन्याच्या दिवशी होसकोटेवाल्यांनी नेहमीप्रमाणे चेंडू मंजुळाला दिला. आमच्या पाठीमागे भिंत नव्हती, पण अंगाला ती आठवत होती. आम्ही पुढे गेलो. मंजुळा दुसरंच पाऊल टाकत होती तेव्हा तिची फीत माझ्या हातात होती. तिच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य मला जन्मभर पुरेल. दुसरा डाव, तसाच. तिसरा, तसाच. चौथ्याला तिनं खांदा घालून जोर केला, तर सौम्यानं समोरून येऊन फीत ओढली आणि रेष बरीच पुढे राहिली. बाजूला तारक्का साडी सावरायची विसरून नाचत होत्या.

आणि आम्ही हरलो. आम्ही सगळ्याच जणी पुढे धावतोय हे बघून त्यांनी अखेरीस चेंडू आमच्या डोक्यावरून फेकला. मागे कुणीच नव्हतं. कार्तिक तोंड पाडून आला. तो काही बोलायच्या आत तारक्का त्याच्याकडे चालत गेल्या. मागे सरल्या नाहीत, हे मी बघून ठेवलं. "डोक्यावरून गेल्या," त्या म्हणाल्या. "मधून गेली काय एक तरी? सांग. आज आपण नव्या कारणानं हरलो. तुझा सर्टिफिकेटवाला आण आणि त्याला डोक्यावरचं बगायला सांग. मधलं माझं." कार्तिकला हसू आवरेना. प्रशिक्षक आला, त्यानं डोक्यावरचं बघितलं. मधलं तारक्कांकडे राहिलं, शेवटपर्यंत. त्यानंतर आम्ही जिंकलो किती, हरलो किती, ते सोडा. मधून कुणाला फुकट जाऊ दिलं नाही.

तारक्का जाऊन आता काही महिने झाले. पोटात दुखतंय म्हणून दाखवायला गेल्या, तर आजार बराच पसरलेला निघाला. मी फोन केला तेव्हा मलाच धीर देत म्हणाल्या, "हा आत आला गं. आणि ह्याला परत जायचं नाही, डॉक्टर तेच म्हणतो. बरं. मग एकेक पाऊल भांडून देते. फुकट एक नाही." तशाच वागल्या. औषधांनी केस गेले तर डोक्याला रुमाल बांधून मैदानावर आल्या. बस झेपेना तेव्हा रिक्षानं आल्या आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडल्या. उभं राहवेना तेव्हा खुर्ची मागितली, आणि ती बाहेर सावलीत ठेवली म्हणून कार्तिकला झापलं. खुर्ची रेषेवर लागली. मला त्यांचं ते बघवत नव्हतं आणि त्यांच्याशिवाय मैदानही बघवलं नसतं.

शेवटचं भेटले ते त्यांच्या घरीच. वहिनीनं दार उघडलं, मला आत घेतलं आणि लावलं. तारक्का आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर वॉकर धरून उभ्या होत्या. साडीच्या आत बाई आहे की नाही असं वाटावं इतक्या वाळलेल्या. मला हे सांगायला लाज नाही वाटत, माझा पाय आपोआप मागे गेला. दोन पावलं. दार माझ्या पाठीला लागलं.

"मागं कुठं चाललीस?" त्या म्हणाल्या. आवाज तोच, जाळीबाहेरून आलेला. वहिनी धरायला धावली तर तिला त्यांनी "बेडा, नको" म्हणून हातानंच दूर केलं. मग वॉकर उचलला, टेकवला, पाऊल टाकलं. थांबल्या. श्वास घेतला. पुन्हा उचलला. ती लहानशी खोली ओलांडायला त्यांना किती वेळ लागला ते मला सांगता यायचं नाही, मी रडत होते. मधेच त्यांनी दटावलं, "रडायला बोलावलंय काय तुला? पुढं ये की तूपण."

मी पुढे गेले. खोलीच्या मधोमध आम्ही भेटलो. त्यांनी वॉकरवरचा एक हात सोडला, माझ्या कमरेशी लोंबणारं ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खेचलं.

"धरली," त्या म्हणाल्या.